लेकराची जागल

हळदीची संध्याकाळ होती. मानोरा तालुक्यातलं मामांचं घर गावाबाहेर, वावरातच आहे. अंगणापासून पन्नास-साठ पावलांवर शेततळं. मांडवात दीडशे माणसं, डीजेचा दणका, एकीकडे वांग्याची भाजी रटरटत होती आणि गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजले जात होते. माझा साडेतीन वर्षांचा मुलगा आजीजवळ आहे असं मला वाटत होतं. आजीला वाटत होतं, तो माझ्याजवळ आहे. त्याच्या बाबांना वाटलं, मोठ्या मुलांत खेळत असेल. आणि मोठी मुलं डीजेसमोर नाचत होती. कोणीच खोटं बोलत नव्हतं. मूल मात्र कोणाजवळच नव्हतं.

तो सापडला शेततळ्याच्या बांधावर. त्याची एक चप्पल काळ्या प्लास्टिकवरून घसरत पाण्याच्या कडेला जाऊन थांबली होती, आणि ती घ्यायला तो बसल्या बसल्या पाय खाली सोडत होता. सालदाराची बायको जवळच भांडी घासत होती. तिने राखेच्या हातानेच त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं. रात्री त्याला झोपवताना दंडावरची ती राखाडी बोटं दिसली आणि मग मला रडू आवरेना.

पंगती उठल्यावर मी पुन्हा त्या बांधावर जाऊन बसले. थोड्या वेळाने मामा आले. आम्ही जे बोललो, भांडलो, ते इथे लिहिते आहे. पाण्याजवळ राहणाऱ्या कोणत्याही घरात हे भांडण व्हायला हवं, आणि ते लेकरू हाती असतानाच व्हायला हवं.

मामा : बाई, लेकरू सुखरूप हाय ना? मंग आता रातभर रडत नको बसू. पाण्याले एवढं भ्यायचं नसते. आमच्या टायमाले पोट्टं जरा मोठं झालं का पाठीले वाळला भोपळा बांधे, अन् दे इहिरीत ढकलून. चार दिवसांत पोट्टं बेडकावानी पोहे.

मी : किती वर्षांचं पोट्टं, मामा?

मामा : सात-आठ वर्साचं.

मी : माझं लेकरू साडेतीन वर्षांचं आहे. तुमचा भोपळा त्याच्या पाठीवर यायला अजून चार वर्षं आहेत. त्या चार वर्षांचं काय?

मामा : तवर माय पाहते लेकराकडे.

मी : आज माय पाहत नव्हती. माय मांडवाचे फोटो मोबाईलवरून पाठवत होती. मी हे लपवणार नाही, मामा. मी चांगली आई आहे की वाईट, हा प्रश्नच नाही. चांगल्यातली चांगली आईसुद्धा दिवसातून शंभर वेळा दुसरीकडे पाहते. दूध उतू जातं, पाहुणे येतात, फोन वाजतो. आईची नजर कधी हलणारच नाही असं धरून चाललो, तर तिथेच लेकरू हातचं गेलं.

मामा : पण दीडशे माणसं होते अंगणात! एकट्या मायचीच नजर कायले लागते?

मी : दीडशे होते म्हणूनच हे झालं. घरात मी एकटी असते तेव्हा मला ठाऊक असतं, पाहायचं ते मलाच. दीडशे असले की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे एकशे एकोणपन्नास आहेत. तुम्ही पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेत आम्हाला न्यायचे तेव्हा बोट सोडत होते का?

मामा : छे! त्या गर्दीत बोट सुटलं का लेकरू गेलं. मी तं तुह्या फ्रॉकची गाठ माह्या दुपट्ट्याले मारे.

मी : तिथे अनोळखी गर्दी, म्हणून गाठ मारत होते. इथे गर्दी आपल्या माणसांची, म्हणून आपण बोट सोडून देतो. शहरातही हेच. माझ्या मोठ्या मुलाला मी तरण तलावावर नेते. तिथे जीवरक्षक असतो, शिट्टी असते, उथळ बाजू वेगळी असते. काठावर खुर्च्या टाकून बसलेल्या बहुतेक आईबापांच्या माना मोबाईलमध्ये. जीवरक्षक आहे ना, मग झालं. पण एका माणसाने चाळीस मुलं पाहायची म्हणजे एकेका मुलाच्या वाट्याला किती नजर आली? बालरोगतज्ज्ञ सांगतात, पोहता न येणारं मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हात लांब केला की त्याला लागेल एवढ्या अंतरावर असावं. खुर्चीतून तो हात पोचत नाही. आणि दंडाला लावायच्या त्या हवेच्या फुग्यांवर भरवसा ठेवायचाच नाही. ते खेळणं आहे.

मामा : हे शहरातल्या लोकायचे चोचले. आमच्या इथं कुठं तरण तलाव?

मी समोर बोट केलं. चांदण्यात शेततळ्याचं पाणी अगदी स्थिर होतं.

मी : हे काय आहे मग?

मामा : हे शेततळं हाय, बाई. याले नाव नको ठेवू. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळं’ आलं तवा अर्ज केला. पन्नास हजारांपर्यंत अनुदान भेटे. आपली जमीन मुरमाड, पाणी ठरतच नव्हतं, म्हणून पदरचे पैसे घालून अस्तर टाकलं. हे नसतं तं संत्रा कवाच जळाला असता.

मी : नाव ठेवत नाही. याच पाण्यावर माझी मामेबहीण शिकली, उद्या तिचं लग्न होतंय. पण याची खोली सांगा.

मामा : तीन मीटर. भरलं तं दहा फूट.

मी : तरण तलावात लहान मुलांना वेगळी उथळ जागा असते, उतरायला पायऱ्या असतात, धरायला दांडी असते. इथे काठावर पाय टाकला की थेट उतार. त्यावर प्लास्टिक, प्लास्टिकवर शेवाळ. तुम्ही उत्तम पोहता, मामा. खरं सांगा, या तळ्यात पडलात तर दोर नसताना वर येता येईल?

मामा काही वेळ गप्प बसले.

मामा : अस्तर टाकलं त्याच वर्सी वासरू पडलं होतं यात. पोहत होतं बिचारं, पण काठावर आलं का खूर घसरे. पुन्हा मधात जाय, पुन्हा काठावर येई. शेवटी कमरेले दोर बांधून मी उतरलो, अन् चौघायनं ओढून काढलं.

मी : तो दोर आता कुठे आहे?

मामा : गोठ्यात.

मी : तळं इथे आणि दोर गोठ्यात.

मामा : पण लेकरू पडलं असतं तं ओरडलं असतं ना! वासरूही हंबरलं होतं.

मी : लेकरू ओरडत नाही, मामा. हे मलाही वाचेपर्यंत माहीत नव्हतं. बुडणारा हात हलवतो, ‘वाचवा’ म्हणतो, हे आपण सिनेमात पाहिलेलं. न्यूयॉर्कच्या किनाऱ्यावर फ्रँक पिया नावाचे जीवरक्षक होते. खरोखर बुडणारी माणसं कशी वागतात याचं चित्रीकरण करून त्यांनी १९७० च्या दशकात हे दाखवून दिलं. ओरडायला आधी श्वास लागतो. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, वर आलं की श्वास घ्यायलाच वेळ पुरत नाही, शब्द कुठून फुटणार? हात वर करून बोलवताही येत नाही. दोन्ही हात आपोआप बाजूला पसरतात आणि पाणी खाली दाबत राहतात. अशी धडपड चालते वीस ते साठ सेकंद. लांबून पाहणाऱ्याला वाटतं, पोर पाण्यात खेळतंय. मग ते खाली जातं. आज डीजे बंद असता तरी आवाज आला नसता, कारण आवाज झालाच नसता.

मामा : एका मिनिटाच्या आत?

मी : हो. गाण्याचं एक कडवं संपायच्या आत. आणि पाण्याखाली चार-सहा मिनिटं गेली की मेंदूला इजा व्हायला लागते. आपण आज त्याला किती वेळ शोधत होतो, आठवतं?

त्यांनी उत्तर दिलं नाही. मग हळूच म्हणाले :

मामा : ज्याची वेळ भरली त्याले कोण अडवते, बाई?

त्या वाक्याला काय उत्तर द्यावं ते मला सुचेना. आमच्याकडे हे वाक्य कठोरपणाने कोणी म्हणत नाही. दुःख सोसायला दुसरा आधार नसला की माणूस ते म्हणतो. मी गप्प राहिले, आणि त्या शांततेत मला एक आवाज ऐकू आला. टक्... टक्... टक्... सेकंदाला एक.

मी : हे काय वाजतंय?

मामा : झटका मशीन. भुईमुगाच्या चारी बाजूनं तार फिरवली हाय. उन्हाळी भुईमूग म्हणजे डुकरायले मेजवानीच. एका रातीत वावर नांगरल्यासारखं करतात.

मी : तार आहे म्हणजे आता रात्री कोणी जात नसेल तिकडे.

मामा : असं कसं! तारेचा काय भरवसा? बॅटरी उतरली, नाहीतं फांदी पडली तं? जागल लागतेच. सालदाराचा पोरगा हाय आता मचाणीवर. बाराले तो येईन, मंग तुहा भाऊ जाईन. चारपासून मी.

मी : आज? हळदीच्या रात्री?

मामा : डुकराले काय ठाऊक आपल्या घरी लगन हाय?

मी : पाण्याला तरी कुठे ठाऊक आहे, मामा?

ते माझ्याकडे पाहत राहिले.

मी : भुईमुगाची वेळ भरली असेल तर कोण अडवणार, असं म्हणून तुम्ही झोपत नाही. तुम्ही तार लावता. तार तुटू शकते म्हणून माणूस ठेवता. माणूस थकतो म्हणून पाळी लावता. पाळीला नाव असतं, वेळ असते. आणि दुसरा आल्याशिवाय पहिला मचाण सोडत नाही. सोडतो का?

मामा : सोडला तं त्याले मी वावरात उभा करत नाही.

मी : मला लेकरासाठी एवढंच हवंय. जी जागल तुम्ही शेंगांची करता, ती. अमेरिकेत काही घरांत पोहण्याच्या ठिकाणी एकाच्या गळ्यात पाटी घालतात, ‘वॉटर वॉचर’ म्हणून. पाटी गळ्यात असेपर्यंत त्याने फोन घ्यायचा नाही, गप्पांत रमायचं नाही, दारू प्यायची नाही, फक्त पाण्याकडे पाहायचं. पंधरा-वीस मिनिटांनी पाटी दुसऱ्याच्या गळ्यात. मी हे वाचलं तेव्हा मला ते नवीन वाटलं होतं. आता वाटतं, आपल्या वावरात हे माझ्या जन्माच्या आधीपासून चालत आलंय.

मामा : हे पटलं. पण माह्यं ऐक आता. तू लग्नातली गोष्ट करून राह्यली. लगन दोन दिवसांचं. बाकीच्या दिवसांचं काय? आपल्या तालुक्यात तांड्यावरची बाई सकाळी मजुरीले जाते. लेकरू धुऱ्यावर, झाडाच्या सावलीत. तिनं निंदण करायचं का पाण्याकडे पाहायचं? पाळी लावायले तिच्याजवळ दुसरं माणूस हाय काय? तुही ती पाटी भरल्या घरची हाय, बाई. गरिबाच्या लेकराची जागल कोण करीन?

हा प्रश्न मला लागला. मी मुलाच्या घाबऱ्या आईसारखी बोलत होते. मामा साऱ्या शिवारातल्या लेकरांबद्दल बोलत होते.

मी : तुमचं खरं आहे. जिथे नजर ठेवायला माणूसच नाही, तिथे नजरेचं काम कुंपणाने करायला हवं. ऑस्ट्रेलियात घरच्या पोहण्याच्या टाक्यालाही किमान १.२ मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक कायद्याने लागतं. आणि गरिबीतही काय करता येतं ते बांगलादेशाने दाखवलं. तिथे घरामागेच तळं असतं. लहान मुलं जास्त बुडतात ती सकाळी नऊ ते दुपारी एकच्या दरम्यान, आई कामात गुंतलेली असते तेव्हा. म्हणून गावातल्याच एका बाईच्या घरी त्या चार तासांपुरतं पाळणाघर सुरू केलं. त्याला ‘आंचल’ म्हणतात, म्हणजे पदर. सांभाळणारी ती ‘आंचल माँ’. २०१२ मध्ये त्याचा अभ्यास छापून आला. आंचलमध्ये जाणाऱ्या मुलांत बुडण्याचं प्रमाण ऐंशी टक्क्यांहून अधिक घटलं होतं.

मामा : म्हणजे तांड्यावरची एखादी म्हातारी, अन् तिले महिन्याचं काही मानधन.

मी : एवढंच. आणि याच अभ्यासात तुमच्या बाजूचीही गोष्ट आहे. तीही सांगते.

मामा : माह्या बाजूची?

मी : थोड्या मोठ्या मुलांना गावच्या तळ्यातच बांबूचा मंच बांधून पोहायला शिकवलं. बुडण्याचं प्रमाण नव्वद टक्क्यांहून जास्त घटलं. म्हणजे मोठ्या मुलांना पोहण्याचाही गुण मोठा. जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते, शाळेच्या वयाच्या मुलांना पोहायला शिकवा. तुमचा भोपळा बरोबर होता, मामा. सातव्या वर्षानंतर.

मामा : मी काय सांगत होतो!

मी : पण एक विचारू? माझ्या भावाला तुम्ही या शिवारातल्या विहिरीत शिकवलं. मामेभावांना शिकवलं. मला का नाही शिकवलं?

ते दचकले. हा प्रश्न मी तीस वर्षांत कधी विचारला नव्हता.

मामा : पोरी कुठं इहिरीत उतरत होत्या तवा...

मी : मी काठावर बसून तुमचे कपडे सांभाळत होते. आता पाहा. आज मांडवात लेकरं सांभाळणारे कोण होते? मी, आजी, मामी, काकू. आमच्यातल्या एकीलाही पोहता येत नाही. ज्यांना पोहता येतं ते पुरुष पत्रावळी वाढत होते, नाहीतर डीजेजवळ होते. घाटावर धुणं धुताना एक लेकरू घसरतं, त्याच्यामागे आई उडी टाकते, तिच्यामागे मावशी, आणि एकाच घरातली तीन माणसं जातात. आपल्याकडे अशी बातमी दरवर्षी कुठून ना कुठून येते. उडी टाकणारीला धीर कमी नव्हता. तिला कोणी पोहायला शिकवलं नव्हतं, आणि उडीच्या आधी दोर फेकायचा, साडी फेकायची, काठी पुढे करायची, हेही कोणी सांगितलं नव्हतं.

बराच वेळ फक्त मशीनची टक् टक् ऐकू येत होती. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात ३८ हजारांहून जास्त माणसं बुडून गेल्याची सरकार दरबारी नोंद आहे. जगात २०२१ मध्ये सुमारे तीन लाख. त्यांतलं चारामागे जवळपास एक पाच वर्षांच्या आतलं लेकरू. मी मामांना हे आकडे सांगितले नाहीत. त्या क्षणी त्यांची गरज नव्हती.

मामा : मंग लेकरू बाहेर काढल्यावर करायचं काय असते, ते तरी सांग. आम्ही तं उलटं धरून पाणी काढतो. कोणी डोक्यावर घेऊन गरगर फिरवते.

मी : ते करायचं नाही. उलटं धरायचं नाही, पोट दाबायचं नाही, मिठात ठेवायचं नाही. यांत नेमका श्वास देण्याचा वेळ जातो. श्वास बंद असेल तर आधी सपाट जमिनीवर उताणं निजवायचं, हनुवटी वर करून नाक चिमटीत धरायचं आणि तोंडाने श्वास द्यायचे. मग छातीच्या मधोमध दाब. तीस दाब, दोन श्वास, पुन्हा तीस दाब, दोन श्वास. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन करायचा. ही गोष्ट ऐकून येत नाही, हाताने करून पाहावी लागते. आरोग्य केंद्रातल्या कोणाला तरी बोलवून गावात एकदा शिकून घेऊ. आणि लेकरू बाहेर काढल्यावर नुसतं खोकत असलं तरी दवाखान्यात न्यायचं.

मामा : ठीक. आता माह्यं ऐक. घराच्या बाजूनं आताच बाभळीचे काटे लावतो. लगन झालं का चारी बाजूनं जाळी अन् कडीचं फाटक. चार कोपऱ्यांत खुंट ठोकून गाठीचे दोर पाण्यापर्यंत सोडतो, अन् ट्रॅक्टरच्या दोन जुन्या ट्यूबा हवा भरून बांधावर. जाळीले पैसे लागतीन, पण वासरू पडलं तवाच लावाले पाहिजे होती. अन् शाळेतल्या पोरायले पोहणं मी शिकवीन. तळ्यात नाही, इहिरीत, पायऱ्या असलेल्या. पोरीयलेही.

मी : मलाही?

मामा : तुले सगळ्यांच्या आधी. तीस वर्साची उधारी हाय.

बाराच्या सुमारास मचाणीवरून सालदाराचा मुलगा आला. माझा भाऊ बॅटरी घेऊन निघाला. बांधाजवळ दोघं भेटले, मुलगा म्हणाला, “डुक्कर नाल्याकडून येते,” आणि त्याने काठी भावाच्या हातात दिली. मामा आणि मी दोघंही ते पाहत होतो. त्या रात्री त्या साध्या देण्याघेण्याकडे आम्ही पहिल्यांदाच नीट पाहिलं.

सकाळी उठले तेव्हा घराच्या बाजूच्या बांधावर बाभळीच्या काट्यांची उभी रांग होती आणि गोठ्यातला दोर खुंटाला बांधलेला होता. मांडवात माणसं जमायला लागल्यावर मामांनी घरातल्या सहा तरुणांना बोलावलं. खांद्यावरचा दुपट्टा काढून पहिल्याच्या गळ्यात घातला. “अर्धा तास. मोबाईल इकडे दे. दुसरा आल्याबिगर हालायचं नाही. लेकरायले हाकलायचं नाही, फक्त मोजत राहायचं.”

दुपारी मंगलाष्टकं सुरू झाली. सगळ्यांची तोंडं बोहल्याकडे होती. मी मागे वळून पाहिलं. रणरणत्या उन्हात माझा धाकटा मामेभाऊ बांधावर उभा होता, स्वतःच्या बहिणीच्या लग्नाकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून. गळ्यात मामांचा दुपट्टा, उजव्या हाताची मूठ आवळलेली. शेवटच्या ‘सावधान’ला चारी बाजूंनी अक्षता उडाल्या. त्याने मूठ उघडली नाही.

मी मुलाला त्याच्या बाबांच्या हातात दिलं. “आता तुमच्याकडे,” म्हणाले, आणि त्यांनी “हो, माझ्याकडे,” म्हणेपर्यंत थांबले. मग बांधावर जाऊन मामेभावाच्या गळ्यातला दुपट्टा काढून माझ्या गळ्यात घातला.

“जा, अक्षता टाकून ये,” मी म्हटलं. “जागल माझी.”